बरणीतलं बी, मडक्यातलं बी

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून विद्यार्थ्यांना घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. तिथे काचेच्या बरणीत नागली होती, खाली लॅटिन नावाची पाटी. सुरगाण्याकडच्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे पेरलं तर उगवेल का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाटीवरही नव्हतं.

ही बरणीची पद्धत आली कुठून? 1872 साली भायखळ्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांसाठी खुलं झालं. अशा वसाहतकालीन संग्रहांत इथला कच्चा माल व्यापाराच्या नजरेनं मांडलेला असे. धान्याचं नाव नोंदलं जाई. ते वाण कोणी निवडलं, कसं टिकवलं, हे मात्र बाहेर राही. पुढेही आदिवासी एका दालनात आणि विज्ञान दुसऱ्या दालनात, अशीच वाटणी होत राहिली.

आता नाशिकच्या शेजारी, कळसूबाईच्या पलीकडे अकोले तालुक्यात जाऊ. कोंभाळणे गावात महादेव कोळी समाजातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. त्या शाळेत गेल्या नाहीत. 2020 सालची पद्मश्री त्यांना मिळाली. 'बायफ' संस्थेची या कामात त्यांना साथ आहे.

बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी रीत. ती का लागू पडते, ते कीटकशास्त्र सांगतं: राख ओल शोषते, किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि किडा सुकून मरतो. बघा, एकाकडे 'कसं' आहे, दुसऱ्याकडे 'का'. पण शास्त्रानं शिक्का मारला म्हणून ते ज्ञान ठरलं, असं समजू नका. त्याची परीक्षा दर पावसाळ्यात होतच होती. बी उगवलं नाही तर घर उपाशी राहणार, याहून कडक परीक्षा कोणती?

म्हणून आम्हाला वाटतं, संग्रहालयातल्या पाटीवर लॅटिन नावाशेजारी गावातलं नाव हवं आणि वाण जपणाऱ्यांचा उल्लेखही हवा. ती बाई तिथे शिकवायला आली, तर तिला तज्ज्ञाचंच मानधन द्यावं. आणि दरवर्षी मुलांनी बरणीतले शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते मोजावं, थोडे अंगणात पेरावेत, नवं बी बरणीत भरावं. बी नुसतं ठेवलं की वर्षागणिक त्याची उगवण कमी होते. ज्ञानाचंही तसंच आहे.

त्या मुलीला एवढं उत्तर तरी आपण देणं लागतो. इथे थांबू.