चांदा जिल्ह्यातील लोकलढे आणि वज्जींची कसोटी

एखाद्या आंदोलनाचा इतिहासावर किती परिणाम झाला, हे ठरविताना आपले इतिहासकार बहुधा दोन मापे वापरतात. किती माणसे जमली, हे एक; आणि सत्तेला किती नमते घ्यावे लागले, हे दुसरे. दोन्ही मापे त्या त्या दिवसापुरती उपयोगी आहेत. परंतु आंदोलन संपल्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी त्याचे काय उरते, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

पालि वाङ्मयात याहून वेगळे माप सापडते. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी मगधाचा अमात्य वस्सकार भगवंतांकडे येतो. अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करावयाची असते. त्या वेळी भगवंत वज्जींचे सैन्य अथवा कोष यांविषयी काहीच विचारीत नाहीत. ते आनंदाला विचारतात की, वज्जी वारंवार सभा भरवितात काय. एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकविचाराने कामे करतात काय? सात अपरिहानीय धर्मांपैकी पहिले दोन हेच होत. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील (२६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला) काही लढे या कसोटीवर पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम १८५८ चा उठाव. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी जंगोम दल उभारले आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. कंपनीच्या फौजेला त्यांनी काही महिने जेरीस आणले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. शौर्यात या लढ्याला तोड नाही. पण तो दोन-तीन घराण्यांच्या निष्ठेवर उभा होता. एक घराणे फुटताच तो मोडला. स्मृती मात्र टिकली, आणि आज आदिवासी समाजाच्या आत्मभानात तिचे स्थान मोठे आहे.

१९४२ चे चिमूर याहून व्यापक होते. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, मिरवणुकीवर गोळीबार झाला. संतप्त जमावाच्या हातून काही अधिकारी मारले गेले. नंतर गावात शिरलेल्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. चिमूर-आष्टीच्या खटल्यांतील फाशीच्या शिक्षा १९४५ साली जन्मठेपेत बदलल्या. देशाच्या राजकारणावर या गावाचा ठसा उमटला, यात शंका नाही. तथापि हा उठाव देशव्यापी आंदोलनाची एक लाट होता. स्वराज्य मिळाल्यावर त्याचे प्रयोजनच संपले. प्रयोजन सिद्धीस गेले म्हणून एखादा लढा थांबला, तर त्याला अपयश म्हणता येणार नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ चा चांद्याचा धम्मदीक्षा सोहळा निषेधाच्या आंदोलनांत मोजावा काय, असा आक्षेप कोणी घेईल. माझ्या मते मोजावाच. नागपूरनंतर अवघ्या दोन दिवसांनी, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने, बाबासाहेबांनी येथे दीक्षा दिली. त्या दिवशी सरकारकडे कोणतीही मागणी नव्हती. लोकांनी नकार दिला तो जातिव्यवस्थेने लादलेल्या स्थानाला. त्या नकाराची किंमतही त्यांनी मोजली. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बौद्ध वगळले गेले, आणि ही सवलत परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे म्हणजे शिक्षण व नोकरीच्या दृष्टीने एक अख्खी पिढी. एवढ्या तोट्यानंतरही लोक मागे फिरले नाहीत. याचे कारण केवळ श्रद्धेत शोधून चालणार नाही. गावोगावच्या विहारांत वंदनेच्या निमित्ताने माणसे नियमाने एकत्र बसत राहिली. लग्न, नामकरण, अंत्यविधी यांची पद्धत बदलली आणि ती पार पाडण्यासाठी शेजारी एकमेकांना लागू लागले. वज्जींचा पहिला धर्म येथे पाळला गेला.

दुसऱ्याचे काय? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष याच समाजाचा, याच काळातला. आणि त्याचे गट पडत गेले. दादासाहेब गायकवाड व खोब्रागडे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याची झळ चांद्याला अधिक लागली, कारण खोब्रागडे इथलेच. अट्ठकथेत पुढे असे येते की, वस्सकाराने वैशालीत राहून लिच्छवींमध्ये भेद पेरला आणि तीन वर्षांत नगर पडले. आमच्या पक्षाचा इतिहास लिहिणारे बाहेरच्या वस्सकारांची नावे तत्परतेने सांगतात. आपल्या सभा केव्हा आणि का बंद पडल्या, याचा शोध मात्र ते घेत नाहीत. तो आता घ्यावयास हवा.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ऐंशीच्या दशकात इचंपल्ली व भोपालपट्टणम् या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन झाले. बाबा आमटे त्यात होते. हे आंदोलन ओसरले तेव्हा मेंढ्याने सभा चालू ठेवली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात तेथे अभ्यासगट बसू लागला आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचा, असे ठरले. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत. वेळखाऊ पद्धत खरी. पण अल्पमतात गेलेला गट येथे निर्माणच होत नाही. ‘समग्ग’ या पालि शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगताना मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही. मेंढ्याने तो बौद्ध ग्रंथांतून घेतला, असा दावा मात्र कोणी करू नये. हे त्यांच्या स्वतःच्या परंपरेचे धन आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होते. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क त्याला मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याच जिल्ह्यात १९८० पासून बंदुकीच्या जोरावरही सभा भरविल्या गेल्या. ज्या सभेत नाही म्हणणाऱ्याच्या जिवाला धोका असतो, तिला वज्जींची सभा म्हणता येत नाही, मग बंदूक कोणाचीही असो.

दारूबंदीच्या दोन लढ्यांतही हा भेद दिसतो. गडचिरोलीत १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या चळवळीमुळे १९९३ मध्ये जिल्हाबंदी आली. चोरटी दारू थांबली नाही, तरी गावोगावच्या बायकांच्या संघटना काम करीत राहिल्या आणि बंदी कायम आहे. चंद्रपुरातील स्त्रिया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी लागू झाली. ती राज्य मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये एका बैठकीत उठविली.