माती, गादी आणि बर्फ

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत, श्रावण सरत आला असतां, हिमालयाच्या पायथ्याशीं डेहराडून येथें आशियांतील निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंची एक स्पर्धा भरली होती. बंदिस्त दालनांत यंत्राच्या साह्यानें गोठविलेल्या बर्फावर, पोलादी पात्यांचे जोडे पायांत घालून धांवण्याची ही शर्यत. तिला शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग असें नांव आहे. ही वार्ता मीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली, तेव्हां माझ्या नातीनें विचारलें, “आजोबा, आपल्या सातारा-सांगलीकडचें कोणी होतें का हो त्यांत?” ही मुलगी सांगलीस सिमेंटच्या रिंगणावर चाकांचे स्केट घालून शिकते, म्हणून तिला हा प्रश्न सुचला. मीं सहज उत्तर दिलें, “आपल्याकडे बर्फ कोठें आहे, बाळ?” ती गप्प बसली.

उत्तर बिनतोड होतें. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर माझें मलाच तें टोंचूं लागलें. तीस-पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें तरी असें उत्तर द्यावयास नको होतें. कारण अगदीं याच जातीचें उत्तर कृष्णाकांठच्या एका मल्लाला कोणीहि देऊं शकला असता, आणि त्या मल्लानें तें १९५२ सालीं खोटें करून दाखविलें. त्याची हकीकत आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. ती आज या बर्फाच्या निमित्तानें पुन्हां एकदां तपासून पाहावी असा माझा विचार आहे.

प्रथम हा बर्फावरचा खेळ कसा असतो तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा बर्फाच्या पटांगणावर १११.१२ मीटर घेराचें लंबवर्तुळ आंखलेलें असतें. त्यावर एकाच वेळीं चार-पांच किंवा त्याहूनहि अधिक खेळाडू धांवतात. येथें घड्याळापेक्षां शेजाऱ्याशींच झुंज अधिक. जो प्रथम पोंचेल तो जिंकला. वळणावर अंग इतकें कलतें कीं डावा हात बर्फाला टेकतो. जत्रेंतील मौत का कुआँमध्यें मोटारसायकलवाला भिंतीवर आडवा होऊन फिरतांना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना याची कल्पना येईल. अशा गर्दींत धक्का लागतो, माणूस पडतो. म्हणून पंचांचा निर्णय फार महत्त्वाचा. दुसऱ्याच्या चुकीमुळें ज्याचें नुकसान झालें, अशा निरपराध खेळाडूला पुढच्या फेरींत घेण्याचा अधिकार नियमांनीं पंचांस दिलेला आहे. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

बर्फावरील स्केटिंगची जागतिक संस्था १८९२ सालीं स्थापन झाली. परंतु शॉर्ट ट्रॅकला तिची मान्यता १९६७ मध्यें मिळाली, या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९८१ मध्यें फ्रान्समधील म्यूदों येथें झाली, आणि ऑलिंपिकमध्यें त्याला पदकें मिळूं लागलीं तीं १९९२ पासून. म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखतच हा खेळ मोठा झाला आहे.

आतां आपण कृष्णाकांठीं येऊं. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते व पुढें सांगलीस जाते. त्या कऱ्हाडाजवळच्या गोळेश्वर गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल. त्यांनींच मुलाला लहानपणीं मातींत उतरविलें. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. अंगलट लहानखुरी, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा नांवाजलेला डाव.

आपल्या तालमींतला हौदा कसा असतो हें येथें सांगण्याचें कारण नाहीं; ताक, तेल, लिंबू, हळद घालून मऊ केलेली ती तांबडी माती, आणि तिच्यांत अनवाणी पाय रोवून उभे असलेले गडी. तेथें घाई नाहीं. प्रतिपक्ष चितपट होईपर्यंत कुस्ती चालावयाची, आणि पाठ मातीला लागली कीं कोणाला कांहीं विचारावें लागत नाहीं. याच्या उलट ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवर होते. तेथें पाय रुतत नाहीं, तो झटकन् वळतो. वेळ ठरलेली असते. आणि चितपट न झाल्यास निकाल पंचांच्या हातीं असतो. कुस्ती तीच, परंतु भूमि परकी. मातीवरच्या मल्लाला गादीवर उतरविणें हें चाकांवर शिकलेल्या मुलीला बर्फावर सोडण्यासारखेंच होय.

सन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले, तेव्हां त्यांच्यापाशीं गादीचा अनुभव जवळजवळ नव्हताच. कोल्हापूरच्या महाराजांनीं प्रवासाचा भार उचलला होता. लंडनमध्यें रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानें त्यांना गादीवरच्या कुस्तीचें शिक्षण दिलें. तेवढ्या तुटपुंज्या तयारीवर त्यांनीं सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत सहावा क्रमांक मिळविला. हा सहावा क्रमांक आपण बहुधा विसरतों. मला मात्र पुढील पदकाचें मूळ त्यांतच दिसतें. हरून आलेल्या मनुष्यानें परकी भूमि निंदिली नाहीं. ती शिकून घेतली. परत आल्यावर त्यांनीं चार वर्षें व्यायाम व सराव वाढविला, आणि पुढील खेपेस ते वरच्या वजनाच्या गटांत उतरले.

पण हेलसिंकीस जावयाचें तर पैसे हवेत. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनीं यथाशक्ति वर्गणी जमविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. श्रोतेहो, मीं आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केला. विद्यार्थ्याला शाबासकी देणें सोपें असतें, पदरचे दोन पैसे देणेंहि एक वेळ जमतें. परंतु मुलाबाळांच्या डोक्यावरचें छप्पर त्याच्या नांवानें गहाण टाकणें हें मला साधलें असतें काय, असें मीं स्वतःस अनेकदां विचारलें आहे. होकार देण्याचें धैर्य मला अजून झालेलें नाहीं.

जुलै १९५२ मध्यें फिनलंडच्या राजधानींत ५७ किलो वजनगटाच्या कुस्त्या झाल्या. खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविलें. जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं त्यांची कुस्ती फार वेळ चालली व अल्प फरकानें हातची गेली. ती दमवून टाकणारी कुस्ती आटोपते न आटोपते तोंच त्यांना सोव्हिएट रशियाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्यासमोर उभें करण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावयास हवी होती. परंतु ती मागण्यासाठीं आपल्या बाजूचा एकहि अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता, असें सांगतात. खाशाबा ती कुस्ती हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळालें. ती तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

शॉर्ट ट्रॅकचा जो नियम मघाशीं ध्यानांत ठेवण्यास सांगितला, तो येथें आठवावा. बर्फावर ज्याच्यावर अन्याय झाला त्याला पंच पुढें घेऊं शकतात. खेळाडूची लढाई रिंगणांत असते. नियमांचें पुस्तक हातीं घेऊन रिंगणाबाहेर उभें राहणें हें दुसऱ्याचें काम आहे, आणि त्या दिवशीं तें दुसरें कोणी नव्हतें.

खाशाबा परत आले तेव्हां कऱ्हाडच्या स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. दीडशेंहून अधिक बैलगाड्या जमल्या होत्या, आणि एरव्हीं घटकाभराचा तो रस्ता संपावयास कित्येक तास लागले. पुढें खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्या करून पैसा मिळविला व गुरूंचें घर सोडविलें, असें सांगतात. सन १९५५ मध्यें ते पोलीस खात्यांत उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर. आणि दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें तें २०१० सालीं.

सांगलीनेंहि असाच एक पुरुष दिला. नंदू नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजीं सांगलीस झाला. कुमारवयांत ते टेनिस खेळत, आणि राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रामनाथन् कृष्णन् यांच्याकडून हरल्यावर त्यांनीं आपलें लक्ष बॅडमिंटनकडे वळविलें. सन १९५६ मध्यें क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशांत बॅडमिंटनचें विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. सन १९६१ मध्यें अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हां बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच. २८ जुलै २०२१ रोजीं ते निवर्तले. एकानें माती सोडून गादी धरली, दुसऱ्यानें टेनिसचें मैदान सोडून जाळीवरचें फूल धरलें. दोघांनींहि जन्मानें मिळालेल्या भूमीला आपली सीमा मानलें नाहीं.

येथवर ही कथा अभिमानाची आहे. परंतु इतिहास शिकविणाऱ्यानें पुढचा आंकडाहि सांगितला पाहिजे. खाशाबांच्या पदकानंतर दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक भारतास मिळालें तें १९९६ सालीं, टेनिसमध्यें लिअँडर पेस यांच्याकडून. म्हणजे ४४ वर्षांनीं. कुस्तींतील पुढचें पदक २००८ सालीं सुशीलकुमार यांनीं आणलें. म्हणजे ५६ वर्षांनीं. या मधल्या काळांत माती आटली नव्हती, मल्ल संपले नव्हते, मातीवरच्या कुस्तीला गर्दीहि लोटत होती. गादीवर जाण्याची जी वाट एका माणसानें पायानें पाडली होती, ती पुढें रस्ता म्हणून कोणी बांधली नाहीं, एवढेंच.

याउलट दक्षिण कोरियाकडे पाहावें. सन १९९२ मध्यें शॉर्ट ट्रॅक ऑलिंपिकमध्यें आला, त्याच वेळीं किम की-हून यानें १,००० मीटरची शर्यत जिंकून आपल्या देशाला हिवाळी ऑलिंपिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. तेव्हांपासून २०२२ पर्यंतच्या नऊहि हिवाळी ऑलिंपिकांत कोरियानें या खेळांत सुवर्णपदक जिंकलें आहे. आपलें १९५२ चें पदक आणि त्यांचें १९९२ चें पदक, दोन्हीं पहिलींच. फरक पडला तो पुढें. पहिलें पदक एका माणसाच्या जिद्दीनें मिळूं शकतें. दुसऱ्यासाठीं समाजाची तयारी लागते.

आपल्याकडे बर्फच नाहीं, हें म्हणणेंहि आतां अर्धेंच खरें आहे. सिमल्यास १९२० पासून नैसर्गिक बर्फावर स्केटिंग चालत आलें आहे. लेह येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटरांनींहि पदकें मिळविलीं आहेत. डेहराडूनचें तें दालन २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठीं बांधलें होतें. मधलीं कित्येक वर्षें तें बंद पडलें होतें, आणि २०२५ मध्यें तें पुन्हां उघडलें. इमारत उभी होती, पण बर्फ नव्हता. अशा बंद दालनाकडे पाहिलें म्हणजे मला आपलीं तीं ४४ वर्षें आठवतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं नातीला जवळ बसवून घेतलें व आदल्या दिवशींचें उत्तर मागें घेतलें. तिला गोळेश्वरच्या मल्लाची हकीकत सांगितली. अमेरिकेचा अपोलो ओनो हा मुलगाहि आधीं चाकांवरच धांवत होता, आणि पुढें शॉर्ट ट्रॅकमध्यें त्यानें ऑलिंपिकचीं ८ पदकें मिळविलीं, हेंहि सांगितलें. तिनें सर्व नीट ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग आजोबा, मला बर्फावर कोण नेणार?”

श्रोतेहो, खर्डीकरांचें घर मला पुन्हां आठवलें. या प्रश्नाचें उत्तर एकट्या आजोबाचें नव्हे. म्हणून तो मी आपणां सर्वांपुढें ठेवितों.