लेकींसाठी रचलेली गुहा

नातू कॉम्प्युटरवर खेळत बसला की मी कुरकुरायचो. मग विल क्राउदरची हकीकत वाचली.

हा अमेरिकन प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ गुहेचे नकाशे करायचा. पत्नी पॅट्रिशियाही त्यातलीच. १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ जोडणारी वाट ज्या तुकडीला सापडली, तिच्यात ती होती. पुढे दोघे वेगळे झाले. गुहेतल्या त्याच मंडळींत जाणं अवघड झालं. मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मात्र चालू होतं. मुली दुरावतायत असं वाटून १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्यांच्यासाठी ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला. चित्र एकही नाही! वर्णन वाचायचं, एकदोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. खजिना, बुटके कल्पनेतले. वाटा बऱ्याचशा खऱ्या. (बापाची गोष्ट सांगायची ही तऱ्हा.) मुली भेटायला आल्या की खेळत.

१९७७ मध्ये डॉन वुड्सने खेळ वाढवला, तो सगळीकडे पोचला. मूळ प्रोग्राम मात्र २००५ मध्ये, वुड्सच्याच जुन्या साठ्यात सापडला.