यंत्राच्या पटावर अंकगणित

लहान मुलास गणित शिकवावयाचे म्हणजे त्याच्याकडून पाढे पाठ करून घ्यावयाचे, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. पावकी-निमकीच्या उजळणीने मागल्या पिढ्यांचा तोंडी हिशेब पक्का झाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चिंचोके टाकून पटावरची घरे मोजणारे मूलही गणितच करीत असते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. घोकावे की खेळावे, हा जुना वाद संगणक शाळेत शिरला तेव्हा नव्याने उभा राहिला. त्याचा इतिहास पाहिला, तर आजच्या पालकांना पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सापडते.

१९६० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' नावाची संगणकीय शिक्षणव्यवस्था सुरू केली. त्याच दशकात स्टॅनफर्ड येथे पॅट्रिक सप्स यांनी शाळकरी मुलांना यंत्राद्वारे अंकगणिताचा सराव देण्यास आरंभ केला. अलेक्झांडरला ॲरिस्टॉटलसारखा गुरू लाभला, तसा प्रत्येक मुलास स्वतंत्र गुरू यंत्राच्या रूपाने लाभेल, अशी सप्स यांची आशा होती. प्रत्यक्षात मात्र ही बव्हंशी उजळणीच होती. यंत्राने विचारावे, मुलाने उत्तर द्यावे. एक सुधारणा मात्र मोठी होती: चूक झाली तर ती तत्काळ कळे, आणि चारचौघांत हसे होत नसे.

पुढे १९७० नंतर 'प्लेटो'वर बॉनी अँडरसन यांचा एक खेळ आला. सत्तर घरांची वाट. प्रत्येक पाळीस तीन आकडे पडत, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांनी ते जोडून जे उत्तर येईल तितकी घरे पुढे जावयाचे. दर दहा घरांवर एक गाव. नेमके गावावर पोहोचले की पुढचे गाव बक्षीस. समजा, आपण तेराव्या घरात आहो आणि १, २, ३ हे आकडे पडले. लोभी खेळाडू दोन अधिक एक गुणिले तीन असे नऊ करून बाविसावर जाईल. शहाणा खेळाडू दोन गुणिले तीन अधिक एक असे सातच करील. तो विसावर पोहोचेल आणि तेथून थेट तिसावर जाईल. कंस कोठे घालावा हे पाठ करण्याचे कारण नाही. कंस चुकला तर गाव चुकते! येथे गणित हाच डाव आहे. पुढे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी या खेळास एक यांत्रिक सल्लागार जोडला. वारंवार बोलून त्याने खेळाचा विरस करू नये, याची त्यांनी विशेष काळजी घेतली. हे पथ्य आपण माणसांनीही पाळावयास हरकत नाही.

तिसरी वाट सीमोर पॅपर्ट यांची. जिनिव्हा येथे पियाजे यांच्या सहवासात राहून आलेल्या पॅपर्ट यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह 'लोगो' ही मुलांसाठी संगणकभाषा सिद्ध केली. तिच्यात मूल एका कासवास आज्ञा देते: इतके पुढे जा, इतके वळ. यंत्राने मुलास चालविण्याऐवजी मुलाने यंत्रास चालवावे, हा त्यांचा आग्रह.

१९८० नंतर संगणक घरात आला आणि खेळांचा बाजार भरला. १९८३ च्या 'मॅथ ब्लास्टर'सारख्या खेळांत बरोबर उत्तर ओळखले की तोफ उडे. मुले रमली, हे निःसंशय. परंतु तोफेचा आणि बेरजेचा संबंध काय? कडू औषधावर साखर लावावी, तसाच हा प्रकार. साखर लावणारा औषध कडूच आहे असे मुलास आधीच सांगून टाकतो.

संशोधकांनी अलीकडे पुन्हा पटाकडे वळून पाहिले. २००६ साली फ्रान्समध्ये ॲना विल्सन आणि स्टॅनिस्लास दहान यांनी गणितात मागे पडणाऱ्या मुलांसाठी 'द नंबर रेस' हा संगणकीय खेळ रचला. दोन राशींपैकी मोठी निवडावयाची. मूल चारांपैकी सुमारे तीन वेळा यशस्वी होईल इतपतच अडचण यंत्र ठेवते. २००८ मध्ये रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतील बालकांस एक ते दहा अंकांचा साधा कागदी पट खेळावयास दिला. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका झाल्या, आणि मुलांचे संख्याज्ञान वाढले. त्याच पटावर अंकांऐवजी रंग असता तो लाभ झाला नाही. गुण यंत्राचा नव्हता. तो अंकांच्या मांडणीचा होता.

आपल्या देशातील अनुभवही पाहण्याजोगा आहे. बडोद्याच्या नगरपालिका शाळांत 'प्रथम' या मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेने चौथीच्या मुलांस आठवड्यास दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका यंत्रापुढे दोन मुले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृतींनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिताच्या गुणांत ठळक वाढ दिसली. पण उपक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला.

म्हणून आम्हांस असे वाटते की, यंत्र हवे की नको हा प्रश्नच गौण आहे. खेळातून गणित काढून टाकले तरी खेळ उरतो काय, हे पालकांनी पाहावे. उरत असेल तर ती साखर. उरत नसेल तर तो खरा खेळ. आणि असा खेळही थोडे दिवस देऊन भागत नाही. पाढ्यांना जे सातत्य आपण पिढ्यान्‌पिढ्या दिले, तेच खेळाला दिले पाहिजे. आणि पटाच्या दुसऱ्या बाजूस कोणी मोठे माणूस बसले, तर फारच उत्तम.