गृहतापन, ब्रिटनमधील : हिवाळी ऊर्जावापर व खर्च

थंड हवेत घर राहण्याजोगे उबदार ठेवण्याच्या व्यवस्थेला गृहतापन म्हणतात. ब्रिटनमध्ये साधारणपणे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घरे तापवावी लागतात आणि घरगुती ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा याच कामी खर्च होतो. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समधील सुमारे ७४ टक्के घरांत केवळ पाइपने येणाऱ्या गॅसवर केंद्रीय तापनव्यवस्था चालते. गॅसच्या बॉयलरमध्ये पाणी तापते, ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते आणि थंड होऊन परत येते. बिल किती येणार हे मात्र बॉयलरपेक्षाही घराच्या भिंती, छप्पर आणि खिडक्या यांवर अधिक ठरते.

इतिहास : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश घरांत कोळशाच्या शेगड्या होत्या. एकच खोली तापे, बाकीचे घर गार राही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धूर व धुके यांचे दाट आवरण काही दिवस बसले आणि हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला व शहरांतील उघड्या कोळशावर बंधने आली. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात ब्रिटनच्या हद्दीत नैसर्गिक वायू सापडला. तोवर घरोघरी कोळशापासून केलेला गॅस येत असे. १९६७ ते १९७७ या काळात देशभरातील शेगड्या व गॅसची अन्य उपकरणे नव्या वायूसाठी बदलण्यात आली. स्वस्त गॅसमुळे संपूर्ण घर तापवण्याची सवय रुळली. जुनी घरे मात्र एका खोलीच्या शेगडीसाठीच बांधलेली होती. आजच्या खर्चाचे मूळ बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

उष्णतेची गळती : आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरक, भिंतीचे क्षेत्रफळ आणि भिंतीची उष्णतावाहकता यांच्या गुणाकाराने गळती मिळते. समजा, बाह्य भिंतींचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आहे, आत २० अंश सेल्सिअस आणि बाहेर ४ अंश तापमान आहे. मध्ये पोकळी असलेल्या, पण ती न भरलेल्या दुहेरी विटांच्या भिंतीतून प्रत्येक चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे १.५ वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे सतत १,२०० वॅट, दिवसाला २८.८ युनिट. पोकळीत उष्णतारोधक द्रव्य भरले, तर हे प्रमाण सुमारे ०.५ वर येते आणि गळती दिवसाला ९.६ युनिटवर उतरते. याउलट भिंत तशीच ठेवून आतले तापमान २० वरून १९ अंशांवर आणले, तर भिंतीतली गळती जेमतेम ६ टक्क्यांनी घटते.

रोधक थर नसलेल्या घरातील सुमारे एक तृतीयांश उष्णता भिंतींतून आणि एक चतुर्थांश छपरातून जाते. उरलेली खिडक्या, जमीन आणि फटींतून. माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचा रोधक थर घालावा, अशी शिफारस आहे. १९२० च्या दशकाआधीची बहुतेक घरे पोकळी नसलेल्या सलग विटांची आहेत. त्यांना आतून किंवा बाहेरून स्वतंत्र थर द्यावा लागतो आणि हे काम खर्चिक असते.

मोजमाप व बिल : गॅसचा मीटर आकारमान मोजतो, बिल मात्र युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर येते. वापरलेल्या घनमीटरांना १.०२२६४ ने आणि गॅसच्या उष्मांकमूल्याने गुणून ३.६ ने भागतात. उष्मांकमूल्य ३९.५ असेल, तर १०० घनमीटरांचे सुमारे १,१२२ युनिट होतात. जुने मीटर शेकडा घनफुटांत मोजतात; तो आकडा आधी २.८३ ने गुणून घनमीटरांत आणावा लागतो. युनिटच्या दराशिवाय रोजचा स्थिर आकार असतो. तो एकही युनिट न वापरता भरावा लागतो. एकूण रकमेवर ५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो.

दोन हिवाळ्यांची तुलना करताना नुसती बिलाची रक्कम पाहून चालत नाही. बाहेरचे तापमान १५.५ अंशांच्या किती खाली व किती दिवस राहिले, याची बेरीज ब्रिटनमध्ये अंश-दिवस या मापाने करतात. युनिटांना अंश-दिवसांनी भागले की घर सुधारले की केवळ हिवाळा सौम्य होता, हे कळते.

साधने व दर : २०२४ च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत नियामक संस्थेने ठरवलेला कमाल दर सरासरीने गॅसला ६.२४ पेन्स आणि विजेला २४.५० पेन्स प्रतियुनिट होता. त्या दरांनी साध्या विजेच्या हीटरने एक युनिट उष्णता २४.५० पेन्सला पडत होती. ९० टक्के कार्यक्षमतेच्या गॅस बॉयलरने सुमारे ६.९ पेन्सला. उष्णता-पंप बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून आत आणतो. त्याने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता दिली, तर खर्च सुमारे ८.२ पेन्स होतो. २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवे बॉयलर बाष्प द्रवीभूत करून त्यातली उष्णता परत मिळवणारे असावे लागतात. परत येणारे पाणी ५५ अंशांहून थंड असेल, तरच हा फायदा नीट मिळतो. म्हणून बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान कमी ठेवणे हिताचे असते. गॅसची जोडणी नसलेल्या अनेक घरांत रात्री स्वस्त विजेवर विटा तापवून दिवसा उष्णता देणारे संचयक हीटर आहेत. त्यासाठीची सात तासांच्या सवलतीची योजना १९७८ मध्ये सुरू झाली.

दरनियंत्रण व संकट : १ जानेवारी २०१९ पासून ऑफजेम ही नियामक संस्था युनिटचा दर व स्थिर आकार यांवर कमाल मर्यादा घालते. जाहीर होणारा वार्षिक आकडा सर्वसाधारण वापराच्या घरासाठी असतो. जास्त युनिट जाळणाऱ्याचे बिल त्याहून जास्तच येते, हा मुद्दा ग्राहकांच्या ध्यानात अनेकदा येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा आकडा १,२७७ पौंड होता. युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर गॅसचे दर भडकले आणि ऑक्टोबर २०२२ साठी तो ३,५४९ पौंड जाहीर झाला. सरकारने हमी देऊन तो २,५०० पौंडांवर रोखला, शिवाय प्रत्येक घराला ४०० पौंड सहा हप्त्यांत दिले.

इंधनदारिद्र्य : ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ मधील ग्रंथामुळे ही संकल्पना रुजली. घर पुरेसे उबदार ठेवण्यास उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च लागणे, ही तिची मूळ कसोटी होय. इंग्लंडमध्ये आता अल्प उत्पन्न आणि घराची खालची ऊर्जाश्रेणी या दोहोंवरून इंधनदारिद्र्य ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण व थंड हवामानासाठी घरात किमान १८ अंशांची शिफारस केली. गार, ओलसर घरात बुरशी धरते, दमा बळावतो, वृद्धांच्या हृदयावर ताण येतो.

पैसे भरण्याच्या पद्धतीचाही यात हात आहे. बँकेतून दरमहा समान हप्ता भरणाऱ्याची उन्हाळ्यातली शिल्लक हिवाळ्यात कामी येते. आधी पैसे भरून मीटर चालवणाऱ्यांना असा आधार नसतो. हिवाळ्याचा सगळा भार त्याच महिन्यांत पेलावा लागतो, आणि पैसे संपले की तापन बंद पडते. असे मीटर प्रामुख्याने गरिबांच्या घरी असतात. म्हणजे ज्यांना उबेची निकड अधिक, त्यांचीच ऊब आधी तुटते. ही या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायकारक बाब आहे.

वृद्धांना १९९७ पासून हिवाळी इंधन भत्ता मिळतो. २०२४ मध्ये तो गरजूंपुरता मर्यादित झाला. २०२५ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना पुन्हा खुला झाला. इंग्लंड व वेल्समध्ये सलग सात दिवसांचे सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेल्यास पात्र कुटुंबांना २५ पौंडांचे थंडी अनुदानही मिळते. अशा मदतीने एक हिवाळा निघतो, पण गळके घर पुढच्या वर्षी तितकीच ऊर्जा मागते. म्हणून भिंती-छपरांवर केलेला सार्वजनिक खर्च अधिक टिकाऊ ठरतो.

भाडेकरूंसाठी : महाराष्ट्रातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येणाऱ्यांना घर तापवण्याचा हिशेब सहसा नवा असतो. भाड्याच्या बहुतेक घरांचा ‘ए’ ते ‘जी’ श्रेणीचा ऊर्जा दाखला सरकारी नोंदवहीत विनामूल्य पाहता येतो. इंग्लंड व वेल्समध्ये काही अपवाद वगळता ‘ई’पेक्षा खालच्या श्रेणीचे घर भाड्याने देता येत नाही. करार करण्यापूर्वी हा दाखला पाहावा, तापन गॅसवर आहे की विजेवर, मीटर कोणत्या प्रकारचा आहे आणि बिल भाड्यात धरले आहे का, हे विचारावे आणि ताबा घेतल्या दिवशीच मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवावे.