पिस्तुलाची मूठ
पिस्तूल : मूठ. नेमबाजाच्या हाताला शस्त्राशी जोडणारा भाग. क्रीडा पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. ती उजव्या व डाव्या हातासाठी वेगळी आणि लहान, मध्यम, मोठ्या मापांत मिळते.

मूठ बसते ती अंगठा व तर्जनी यांमधल्या बेचक्यात. नळीची रेषा मनगटाच्या सरळीत यावी आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकावे, हे योग्य मापाचे लक्षण होय. मूठ जाड असल्यास बोट चापापर्यंत ओढून न्यावे लागते. बारीक असल्यास ते चापापलीकडे जाते. दोन्ही वेळी चाप ओढताना नळी बाजूला सरकते. डोळे मिटून पिस्तूल धरलेला हात उचलावा व मग डोळे उघडावेत. नळीच्या पुढच्या टोकावरची माशी मागच्या खाचेच्या मधोमध दिसली, तर मूठ जुळली. नसल्यास उंचवटा पॉलिश पेपरने घासतात, पोकळी लुकणाने भरतात.

स्पर्धेच्या नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. चापाला किमान ५०० ग्रॅम ओढ लागते. मुठीने मनगटाला आधार देणे नियमबाह्य आहे.

क्रीडा नेमबाजीसाठी महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवडला लागून, मुळा नदीपलीकडे बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजी केंद्र आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेतील नेमबाजी तेथेच झाली. महाराष्ट्रातील पिस्तूल नेमबाजांपैकी कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.