कारखान्यात घडलेला नाद : अमेरिकी अकूस्टिक गिटारच्या नादगुणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाद्यनिर्मितीच्या इतिहासात कारागीर आणि कारखाना यांचे नाते सहसा विरोधाचे मानले जाते. कारागिराने घडविलेले वाद्य बोलते आणि कारखान्यातून आलेले वाद्य केवळ वाजते, अशी समजूत वादक, विक्रेते आणि अभ्यासक या तिन्ही वर्गांत रूढ आहे. पोलादी तारांच्या अमेरिकी अकूस्टिक गिटारच्या बाबतीत मात्र ही समजूत तपासून पाहणे आवश्यक ठरते. कारण ज्या गिटारींचा नाद आज आदर्श म्हणून सांगितला जातो आणि ज्यांच्यासाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात, त्या बहुतांशी कारखान्यांतच तयार झालेल्या आहेत. असे असेल, तर 'कारखान्याचा नाद' म्हणजे नेमके काय, तो कोणी ठरविला आणि त्याचे श्रेय कोणाकडे जाते, हे प्रश्न केवळ संगीताचे राहत नाहीत. ते श्रमाच्या इतिहासाचे प्रश्न होतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार मुख्यतः मार्टिन, गिब्सन आणि हार्मनी या तीन कारखान्यांच्या आधारे केला आहे. वाचकांच्या सोयीसाठी गिटारच्या भागांना आपल्याकडील सतारीच्या परिभाषेतील नावे वापरली आहेत. वरची कंप पावणारी फळी ती तबली, तारांचा कंप तबलीपर्यंत पोहोचविणारी ती घोडी आणि पडदे बसविलेली ती दांडी. तबलीला आतून आधार देण्यासाठी लाकडी पट्ट्या सरसाने चिकटविलेल्या असतात. पुढील विवेचनात या अदृश्य पट्ट्यांना विशेष महत्त्व आहे.

कलावंत की सुतार : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ साली सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन या वाद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्यांचे घराणे लाकडी सामान बनविणाऱ्या सुतारांचे होते. त्यांनी व्हिएन्नामध्ये योहान श्टाउफर या नामांकित गिटारनिर्मात्याकडे काम केले व पुढे ते गावी परतले. तेथे व्हायोलिन बनविणाऱ्यांच्या संघाने सुतारांच्या गिटार बनविण्यावर हरकत घेतली होती. व्हायोलिनकार हे कलावंत, त्यांना अभिरुची आहे. सुतार हे केवळ सामान तयार करणारे यांत्रिक कामकरी, असा त्या संघाचा युक्तिवाद होता. या वादाच्या पार्श्वभूमीवर १८३३ साली मार्टिन यांनी देश सोडला, न्यूयॉर्क येथे दुकान थाटले आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी स्थलांतर केले. १८५९ मध्ये तेथे कारखान्याची इमारत उभी राहिली.

या घटनेचे महत्त्व असे की, आज कारखान्याविरुद्ध केला जाणारा आक्षेप आणि तेव्हा सुतारांविरुद्ध केला गेलेला आक्षेप यांची मांडणी एकच आहे. एकीकडे 'कान असलेला' कलावंत आणि दुसरीकडे 'हात चालविणारा' कामकरी, अशी ही विभागणी आहे. ज्यांना हात चालविणारे म्हणून हिणवले गेले, त्यांच्याच परंपरेतील कारखाना पुढे गिटारच्या नादाचा मानदंड झाला.

तात ते पोलाद : नाद बदलण्याची कारणे

एकोणिसाव्या शतकातील गिटारला तातीच्या, म्हणजे आतड्यापासून केलेल्या तारा असत. १८४० च्या दशकापासून मार्टिनच्या गिटारींत तबलीखालील पट्ट्या फुलीच्या आकारात बसविलेल्या आढळतात. तातीच्या मृदू ताणाला अशा रचनेची अपरिहार्य गरज नव्हती. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी पोलादी तारांचा प्रसार झाला, तेव्हा ही फुलीच त्यांचा ताण पेलण्यास समर्थ ठरली. हवाई बेटांतील संगीताची लाट, मँडोलिन आणि बँजो यांच्याशी स्पर्धा करण्याची गरज आणि मोठ्या सभागृहांत ऐकू जाण्याची निकड ही या बदलामागची प्रमुख कारणे होत. पोलादी तारांच्या एका संचाचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलो इतका असतो. तबली जितकी पातळ व पट्ट्या जितक्या हलक्या, तितका नाद मोकळा. परंतु तितकाच वाद्य वाकण्याचा धोका अधिक. अकूस्टिक गिटारच्या नादाचा संपूर्ण इतिहास या दोन टोकांमधील तडजोडीचा इतिहास आहे.

१९१६ साली मार्टिनने डिटसन या विक्रेत्यासाठी मोठ्या आकाराची 'ड्रेडनॉट' गिटार तयार केली आणि १९३१ मध्ये ती स्वतःच्या नावाने बाजारात आणली. १९३० च्या दशकातील या गिटारींच्या पट्ट्या खोलगट तासलेल्या असत. त्यामुळे तबली हलकी राहून खर्जाचे स्वर भरदार उमटत. परंतु वादक जाड तारा लावू लागले, तबल्या फुगू लागल्या आणि वाद्ये दुरुस्तीसाठी परत येऊ लागली. १९४४ च्या अखेरीस मार्टिनने पट्ट्या तासण्याची पद्धत बंद केली. म्हणजे ज्याला आज 'युद्धपूर्व नाद' म्हणून गौरविले जाते, तो संपुष्टात येण्यामागे सौंदर्यदृष्टीतील बदल नसून दुरुस्तीचा हिशेब होता. १९७६ मध्ये त्याच कारखान्याने खोलगट पट्ट्यांची गिटार नव्या नावाने पुन्हा आणली. कारखान्याने स्वतःच्याच भूतकाळाची प्रतिकृती विकावी, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

समान मापे, असमान लाकूड

कारखान्यातील दोन एकसारख्या गिटारींचा नाद भिन्न का असतो, हा प्रश्न वादक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर उत्पादनपद्धतीत आहे. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. स्प्रूस वृक्षाच्या दोन फळ्या, एकाच ओंडक्यातील असल्या तरी, घनतेने व ताठपणाने सारख्या नसतात. स्वतंत्र कारागीर फळी हाताने वाकवून, ठोकून पाहतो आणि तिच्या स्वभावानुसार जाडी ठरवितो. कारखाना जाडी निश्चित करतो आणि स्वभाव लाकडावर सोडतो. परिणामी कारागिराच्या वाद्यांची मापे वेगळी आणि नाद जवळचा, तर कारखान्याच्या वाद्यांची मापे सारखी आणि नाद वेगवेगळा, अशी स्थिती संभवते. कारखाना व्यक्तिमत्त्व पुसून टाकतो, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कारखाना हेतू समान ठेवतो. व्यक्तिमत्त्व मात्र योगायोगाने शिल्लक राहते.

टपालाने आलेली गिटार

शिकागो येथे १८९२ साली स्थापन झालेली हार्मनी कंपनी १९१६ मध्ये सीअर्स या टपालविक्री करणाऱ्या पेढीने विकत घेतली. सूचिपत्र पाहून मागविलेली स्वस्त गिटार त्यामुळे खेड्यापाड्यांत पोहोचली. जर्सी सिटीतील ऑस्कर श्मिट कंपनीच्या 'स्टेला' गिटारीही याच वर्गातील. यांच्या पट्ट्या फुलीच्या आकारात नसून शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या असत. ही रचना करण्यास सोपी व स्वस्त होती. तिच्यातून निघणारा नाद मधल्या पट्टीत ठसठशीत, काहीसा कोरडा आणि लवकर विरणारा असतो.

मार्टिनच्या मापाने मोजल्यास हा दोष होय. परंतु लेड बेली या गायकाने बारा तारांच्या स्टेला गिटारवर केलेले वादन ध्वनिमुद्रणांतून ऐकले, तर या नादाशिवाय ब्लूज संगीताची कल्पना करणे कठीण जाते. दक्षिणेतील निर्धन कृष्णवर्णीय वादकांनी जे वाद्य परवडले ते घेतले आणि त्याच्या मर्यादेतून शैली घडविली. पुढील पिढ्यांनी तोच नाद अस्सल मानून त्याचा शोध घेतला. हार्मनी कंपनी १९७५ मध्ये बंद पडली. तिच्या गिटारींची मागणी मात्र संपली नाही. यावरून असे दिसते की, नादाचा चांगुलपणा ही केवळ ध्वनिशास्त्रीय बाब नाही. कोणत्या समाजाने कोणते वाद्य कोणत्या परिस्थितीत हाताळले, यावरही ती अवलंबून असते.

कॅलमझूच्या स्त्री-कामगार

मिशिगनमधील कॅलमझू येथे १९०२ साली गिब्सन कंपनीची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातील पुरुष सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी मोठ्या संख्येने स्त्रिया कामावर आल्या. १९४२ मध्ये आलेली 'जे-४५' ही गिटार याच काळातील होय. तिच्या नावातील आकडा तिची ४५ डॉलर ही किंमत दर्शवितो. धातूच्या टंचाईमुळे युद्धकाळातील अनेक गिटारींच्या दांडीत पोलादी सळई बसविलेली नाही. त्या काळच्या काही गिटारींच्या शिरोभागावर सोनेरी पट्टी असून, केवळ गिब्सनच पुरेशी चांगली, अशा अर्थाचे वाक्य तिच्यावर लिहिलेले आढळते. या गिटारींना आज विशेष मान आहे.

युद्धकाळात कंपनीने वाद्यनिर्मिती जवळजवळ थांबविली होती, असे दीर्घकाळ समजले जात असे. कायद्याचे प्राध्यापक जॉन थॉमस यांनी 'कॅलमझू गॅल्स' या ग्रंथात स्त्री-कामगारांच्या मुलाखती आणि कारखान्याच्या नोंदवह्या यांच्या आधारे हे चित्र बदलले. त्यांनी वाद्यांची क्ष-किरण छायाचित्रेही घेतली आणि युद्धकाळातील काम अधिक नाजूक व काटेकोर असल्याचे मत मांडले. हे मत सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु मूळ मुद्दा त्याहून मोठा आहे. ज्या हातांनी या तबल्या घासल्या व पट्ट्या चिकटविल्या, त्यांची नावे वाद्यांवर नाहीत. बोधवाक्य कंपनीचे आहे. 'गिब्सनचा नाद' असे आपण म्हणतो, तेव्हा एका सामूहिक श्रमास मालकाचे नाव देत असतो.

लाकडाचा प्रश्न आणि शिसवीचा प्रवेश

नादगुणाच्या चर्चेत बाजूंच्या व पाठीच्या लाकडास मोठे स्थान दिले जाते. मार्टिनच्या उंची गिटारींसाठी ब्राझीलमधील रोझवूड वापरले जाई. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यानंतर १९६९ मध्ये मार्टिनने आपल्या नियमित गिटारींसाठी भारतीय रोझवूड स्वीकारले. हे लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतील शिसव होय. मराठी घरांतील शिसवी कपाटे व पलंग यांतून परिचित असलेले हे लाकूड अशा रीतीने नाझरेथच्या कारखान्यात पोहोचले. जुन्या लाकडाचा नाद गेला, अशी हळहळ तेव्हापासून व्यक्त होत आली आहे.

या हळहळीची शास्त्रीय कसोटी अलीकडे घेतली गेली. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच आराखड्याच्या, परंतु पाठ व बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या सहा गिटारी ५२ वादकांना डोळ्यांना दिसणार नाहीत अशा रीतीने वाजविण्यास दिल्या. नादाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी दिलेल्या अभिप्रायांत महाग व स्वस्त लाकडांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दरम्यान, २०१७ पासून शिसवीसह डालबर्जिया प्रजातीतील सर्व वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले व २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. दुर्मीळ वृक्षाची तोड ज्या नादाच्या नावाने समर्थनीय ठरविली गेली, तो नाद कानांपेक्षा डोळ्यांना अधिक ऐकू येत होता, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अमेरिकी अकूस्टिक गिटारचा आदर्श मानला जाणारा नाद मुख्यतः कारखान्यातच घडला. त्यास कारागिरीच्या ऱ्हासाचे चिन्ह मानणे इतिहासास धरून नाही.

२. हा नाद कलात्मक निर्णयांइतकाच तारांचा ताण, दुरुस्तीचा खर्च, युद्धकालीन टंचाई आणि लाकडाचा व्यापार यांनी ठरविला.

३. स्वस्त वाद्याचा 'दोष' विशिष्ट समाजाच्या वापरातून 'गुण' होऊ शकतो. म्हणून नादाचे मूल्यमापन वादकाच्या सामाजिक स्थितीपासून अलग करता येत नाही.

४. वाद्याचा नाद मालकाच्या नावाने ओळखला जातो. त्यामागील श्रम, विशेषतः स्त्रियांचे श्रम, इतिहासलेखनातून गळतात.

मार्कनॉयकिर्खेनच्या व्हायोलिनकारांनी सुतारांना कान नाही असे म्हटले होते. त्यांचे म्हणणे काळाने खोटे ठरविले. तरीही तेच वाक्य आज कारखान्यातील कामगारांविषयी उच्चारले जाते. तबलीच्या आत चिकटविलेली पट्टी बाहेरून दिसत नाही, परंतु नाद तिच्यावरच तोललेला असतो. वाद्यांचा इतिहास लिहिताना या आतल्या बाजूची नोंद घेणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.